हातावरचं दही

बर्फ कसा असतो हे आमच्या नववी ‘ब’मध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून लीडाच्या गावात मीठ पडलं. पेणच्या बाजूला खाडीलगत मिठागरं आहेत ना, तिथलं जाड, किंचित करडं मीठ. ते छपरांवर साचलं होतं, खिडक्यांच्या कडांवर साचलं होतं, लीडाच्या लोकरी टोपीवर साचलं होतं. ट्रामही कोणी पाहिलेली नव्हती, तेव्हा रुळांवरून आपली लाल एस.टी. चालत होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना सुपारीची झाडं होती. मध्य युरोपात सुपारी! मी चित्रकला शिकवते, पण असं चित्र काढायची माझी छाती झाली नसती. आणि तरी ते इतकं खरं होतं, की माझी बोटं गारठली होती.

हे सगळं मी पाहिलं ते शाळेच्या सभागृहात, भर दुपारी, सतरंजीवर आडवी होऊन. माझ्या डाव्या-उजव्या बाजूंना माझेच विद्यार्थी झोपले होते. वर्गात झोपल्याबद्दल ज्यांना मी आजवर खडू फेकून मारले, ती सगळी मंडळी कुठेतरी बसून हसत असतील.

त्याचं असं झालं. दर वर्षी सत्तावीस जानेवारीला होलोकॉस्ट स्मरणदिन येतो. वरून परिपत्रक येतं, ‘विद्यार्थ्यांना सर्जनशील उपक्रमांतून सहभागी करून घ्यावे.’ सर्जनशील म्हटलं की ते लोढणं चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात. मग मुलं काळा कागद घेतात, पांढऱ्या खडूनं काटेरी तार काढतात, कोपऱ्यात एक मेणबत्ती. नाझींनी साठ लाख ज्यूंना मारलं, त्यांतली पंधरा लाख मुलं होती, असं सुवाच्य अक्षरात खाली लिहितात. फेब्रुवारीत कागद रद्दीत जातात. मुलांना तरी काय म्हणायचं? पंधरा लाख या आकड्यासाठी कोणाला रडू येत नाही. रडू येतं ते एका कोणासाठी तरी येतं.

ती एक कोणीतरी आम्हांला मझलकाकूंनी दिली.

आमच्या गावात इस्राएल आळी आहे, कोकणातल्या ज्यूंची. पूर्वी तिथे तेलाचे घाणे होते; शनिवारी ते बंद असत म्हणून त्या लोकांना शनवार तेली म्हणत. आळीतलं आता एकच घर उघडं आहे, ते मझल झिराडकरांचं. जन्म एकोणीसशे पन्नासचा आणि हे साल दोन हजार सदतीस, म्हणजे नव्वदी जवळ आलेली. पाठ ताठ आणि जीभ त्याहून ताठ. गावातल्या पोस्टातून निवृत्त झाल्या तेव्हा पोस्टमननं पेढे वाटले होते म्हणतात. मी त्यांना काकू म्हणते, त्या मला मुक्ते म्हणतात, आणि पन्नाशी उलटली तरी मी त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नाही.

काकूंचे वडील इथलेच. आई ग्रेटा मात्र ब्रनो नावाच्या चेक शहरातली ज्यू मुलगी. युद्धाच्या थोडं आधी, कोवळ्या वयात, ती मुंबईच्या एका डॉक्टरांकडे मुलं सांभाळायला आली आणि म्हणून वाचली. तिची धाकटी बहीण लीडा आईवडिलांपाशी राहिली. त्या तिघांना आधी तेरेझीनच्या तटबंदीत कोंडलं, मग मालगाडीत घालून आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेलं. लीडा तेव्हा बारा वर्षांची होती. तिघांतलं कोणीच परत आलं नाही. ग्रेटाबाई पुढे बिरड्या सोलायला शिकल्या, भावजयांशी मराठीत भांडायला शिकल्या, पण त्यांनी दिवसा घराच्या दाराला कधी कडी घातली नाही. कोण येणार आहे, असं कोणी विचारलंही नाही.

“मुक्ते, तिच्या नावानं वर्षातून एकदा दिवा लावते मी,” काकू जूनमध्ये मला म्हणाल्या. “मला मूल ना बाळ. माझ्यामागं लीडा म्हणून कोणी होती, हे कोणाला ठाऊक असणार? तुझ्या पोरांना तिची ओळख करून दे. त्या काळ्या कागदांवर नको. नीट करून दे.”

नीट म्हणजे कशी, तर माझ्याकडे एक फोटो होता, आणि ग्रेटाबाईंनी लेकीला सांगितलेल्या चार गोष्टी. लीडाच्या पुढच्या दातांत फट होती, त्यातून ती शिटी मारायची. शेजारच्या बदकाला घाबरायची. बूट म्हणून कधी जागेवर ठेवायची नाही. एवढ्यावर माणूस उभं कसं करायचं?

इथे केतकी आली. डॉ. केतकी जमखंडीकर ही माझ्या मावसबहिणीची मुलगी, पुण्यात निद्रा-संशोधन करते. तिच्या संस्थेनं कपाळाला बांधायची एक पट्टी तयार केली होती आणि शाळांमध्ये तिचे प्रयोग चालू होते. ती पट्ट्यांचं खोकं घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पट्टी स्वप्न दाखवत नाही.’

“मग काय करते?” ओवी नाखवानं विचारलं. ही आमच्या वर्गातली कोळीवाड्यातली मुलगी. प्रश्न विचारायला हिला हात वर करावा लागतो हे अजून कोणी तिला पटवू शकलेलं नाही.

केतकीनं सांगितलं ते असं. डुलकी लागता लागता मेंदू एका उंबरठ्यावर असतो. बाहेरचं अजून थोडंथोडं ऐकू येत असतं आणि आतल्या आत काहीबाही रचणं सुरू झालेलं असतं. पट्टीला मेंदूच्या विद्युतलहरींवरून तो क्षण अचूक कळतो. तेवढ्यात एखादा वास दिला, एखादा आवाज दिला, तळहाताला एखादा स्पर्श दिला, की मेंदू तो धागा पकडतो आणि बाकीचं कापड स्वतः विणतो, स्वतःच्या घरातलं सूत वापरून. वास आणि आवाज पट्टी देते. स्पर्शाला मात्र माणूसच लागतं, म्हणून जोड्या पाडायच्या. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं उशाशी बसायचं, आणि पट्टीवरचा दिवा हिरवा झाला की ठरलेला स्पर्श करायचा. या बसणाऱ्याला मुलांनी सोबती असं नाव दिलं. एरवी स्वप्न उठल्याबरोबर विरून जातं, कारण आठवण पक्की करणारी रसायनं झोपेत मंदावलेली असतात. पट्टी झोपणाऱ्याला स्वप्न संपता संपता अलगद जागं करते, त्यामुळे ते टिकतं.

महिनाभर मुलं लीडाचं स्वप्न विणत होती. असं काम मी शाळेत कधी पाहिलं नाही. कोणी ओल्या लोकरीचा वास शोधला, कोणी अलिबागच्या बेकरीतून भल्या सकाळी पावाच्या भट्टीचा वास कुपीत भरून आणला. दातांत फट असलेल्या एका मुलाला एकाएकी महत्त्व आलं. त्याच्या शिटीचं ध्वनिमुद्रण झालं. बदकाला काही तोटा नव्हता. मालगाडीची दारं बंद होण्याचा आवाज मात्र कोणी आणेना. शेवटी तो केतकीनंच घातला.

निरोपाचा प्रसंग ओवीकडे होता. लीडा घरातून कायमची निघते, तिची आई तिला निरोप देते. स्पर्श कोणता द्यायचा?

“दही,” ओवी म्हणाली. “आई तिच्या हातावर दही घालनार. कोनी लांब निघालं का सगल्याच आया घालतात.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ब्रनोला अलिबागचा पाव चालला तर दही का नाही?

आणि मग डिसेंबरातल्या एका दुपारी आम्ही झोपलो; सोबत्यांची पाळी दुसऱ्या दिवशी. लीडा मिठातून चालत होती. शिटी मारत होती. बदक दिसताच माझ्या मागे लपली; हो, माझ्या, कारण स्वप्नात मी तिथे होतेच. तिच्या आईनं तिच्या हातावर दही घातलं. तिनं ते चाटलं आणि हात फ्रॉकला पुसला. मग गाडी, खूप माणसं, दारांचा आवाज. इथे पट्टीनं आम्हांला जागं करायचं होतं. पण स्वप्न आणखी थोडं पुढे गेलं. संध्याकाळ झाली होती, दिवेलागणीची वेळ, आणि लीडा पायऱ्या चढून येत होती. केसांतलं मीठ झाडत होती. बूट तिनं दारातच भिरकावले. मी जागी झाले तेव्हा माझ्या गालांवर पाणी होतं आणि इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सभागृहभर मुलं डोळे चोळत एकमेकांकडे बघून हसत होती. पुढचे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. लीडा असं म्हणाली, लीडानं तसं केलं. कोणी तिच्यासाठी डब्यातला लाडू बाजूला ठेवला म्हणून कळलं.

जानेवारीच्या सुरुवातीला मी काकूंना वर्गात बोलावलं. त्या काठी टेकत आल्या, माझ्या खुर्चीत बसल्या.

“काय रे पोरांनो, झाली का ओळख माझ्या मावशीशी?”

वर्ग नुसता उसळला. “आजी, ती शिटी मारते!” “आजी, तिला लसूण आवडत नाय!” “आजी, गाडीत चढताना तिनं वळून बघितलं.” काकूंचे डोळे भरून आले. लसणीचं त्यांनाही माहीत नव्हतं.

“आणि मग?” त्यांनी हलकेच विचारलं.

“मग आली ना परत,” ओवी म्हणाली. “मीठ झारत आली. बूट दारानच टाकले.”

“म्हणजे स्वप्नात,” मी घाईघाईनं म्हणाले.

“नाय बाई. आलीच ती.”

मी वर्गाकडे पाहिलं. सगळ्या माना होकारार्थी हलत होत्या. एक मुलगा मला समजावून सांगू लागला, की तुम्ही ऑगस्टमध्ये फळ्यावर जे लिहिलं होतं त्यात चूक असणार, कारण ती आल्याचं सगळ्यांनाच आठवतंय. कोणी थट्टा करत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही थांबून आठवावं लागलं, की लीडा मेली आहे. आधी दारातले बूट आठवले.

काकू उठल्या. “मग मी दिवा कोणाला लावते?” एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांना घरापर्यंत सोडायला मी मागे गेले, तर त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं.

केतकी दुसऱ्या दिवशी पुण्याहून धावत आली. मी तिच्यावर भडकलेच होते. ती निमूट ऐकून घेत होती, यावरून प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं.

“मुक्तामावशी, मेंदू प्रत्येक आठवणीला एक चिठ्ठी चिकटवतो,” ती म्हणाली. “हे पाहिलं, हे ऐकलं, हे वाचलं, हे स्वप्नात दिसलं. पण त्या चिठ्ठीचा गोंद कच्चा असतो. आठवण काढली की ती दर वेळी थोडी मऊ होते आणि पुन्हा घट्ट होते. ही मुलं रोज एकमेकांना तेच सांगत होती. चिठ्ठी गळून पडली, आठवण राहिली. आणि अख्ख्या वर्गाला जे आठवतं त्याला स्वप्न कोण म्हणेल?”

“ते असू दे. पण परत कशी आली ती? तसं तर आपण विणलंच नव्हतं.”

केतकीनं सगळे वास, आवाज, स्पर्श एकेक करून तपासले. दह्याशी येऊन ती आधी हसली आणि मग तिचं हसू गेलं.

“मी दहावीला निघाले तेव्हा आईनं हातावर दही घातलं होतं,” ती म्हणाली. “अमेरिकेला निघाले तेव्हाही. मावशी, आपल्या मेंदूत ते असं मुरलंय की तळहाताला तो गारवा लागला की पुढचं ठरलेलंच. गेलेलं माणूस कामगिरी फत्ते करून घरी येणार. मी पाच वर्षं झोपेचा अभ्यास करते आणि माझ्या हे लक्षात येऊ नये!”

उपाय होता. आठवण अजून पुरती घट्ट झालेली नव्हती. तेच स्वप्न पुन्हा पाहायचं, दह्याशिवाय. लीडा जाईल, दारं बंद होतील, पट्टी जागं करेल. उशीर केला तर मग काही उपयोग नाही.

मी वर्गाला सगळं समजावून सांगितलं. मुलं ऐकत होती, पण चेहरे बंद होत चालले होते. ओवी उभी राहिली.

“बाई, तुमीच बोललाव ना तिची वलख करून घ्या? घेतली. आता परत तिला त्या मालगारीन मी नाय घालनार.”

“ओवे, ती गेली ग. बारा वर्षांची होती. मारलं तिला.”

“तुमी व्हताव तिथं?”

हाच प्रश्न विचारणारी माणसं जगात आहेत. हे असं काही घडलंच नाही, ज्यूंनी रचलेली कहाणी आहे, असं म्हणतात आणि वर विचारतात, तुम्ही होता का तिथे? ती माणसं द्वेषानं विचारतात. ओवीच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या माणसांशी कसं भांडायचं हे मला ठाऊक होतं. या मुलीशी कसं भांडू? आणि आता तर साक्ष द्यायला जगात तिथलं कोणी उरलेलंही नव्हतं.

“चल,” मी म्हणाले. “मझलआजीसमोर म्हण हे.”

शाळा सुटल्यावर ओवी, केतकी आणि मी अशा तिघी इस्राएल आळीत गेलो. काकू ओटीवर बसल्या होत्या. राग धरला असेल असं वाटलं होतं, पण त्यांनी काळ्या मनुकांचं सरबत केलं, आधी ओवीला दिलं. ओवी एका दमात बोलून गेली. की आजी, तुम्ही एकदा बघा तरी. ती कशी हसते ते बघा. मग तुम्हीच सांगा तिला परत पाठवायचं का.

काकूंनी तिचा पेला पुन्हा भरला.

“माझी आई शेवटच्या वर्षी भ्रमिष्ट झाली होती,” मग त्या म्हणाल्या. “रोज म्हणायची, लीडा आली. तिच्यासाठी पान मांडायला लावायची. समोर कोणी नाही, आणि ही वाढतेय, बोलतेय, हसतेय. इतकी सुखी मी तिला जन्मात पाहिली नव्हती. शेजारणी म्हणायच्या, बरं झालं ग, सुटली बिचारी दुःखातून.”

“मग बरंच झालं ना,” ओवी म्हणाली.

“मला ते पान बघवायचं नाही. रोज वाटायचं उचलून फेकून द्यावं. अगं, लीडा मेलेलीच होती ना! आईच्या सुखानं ती काही जिवंत झाली नाही. फक्त तिच्यासाठी झुरणारं एक माणूस होतं, तेही तिला सोडून गेलं.”

ओवीनं पेला खाली ठेवला.

काकूंनी काठीनं केतकीच्या पिशवीकडे बोट दाखवलं. “ती पट्टी आणलीयस का ग?”

“आजी, तुमच्या वयात मी हे सुचवणार नाही,” केतकी म्हणाली. “‘हे स्वप्न’ असं सांगणाऱ्या चिठ्ठीचा गोंद तुमच्याकडे आणखी कच्चा असेल. परत आलेली लीडा पाहिलीत तर तेच खरं वाटायला लागेल. कदाचित कायमचं.”

“मला तेवढं कळतं.”

“काकू, नको,” मी म्हणाले. “हे तुम्हीच आम्हांला सोपवलंत. तुम्हीच विसरलात तर...”

“मुक्ते, मी तिला कधी बघितलेलं नाही,” काकू म्हणाल्या. “जन्मभर तिच्यासाठी रडले, आणि तिला बघितलेलं नाही. एकदा बघू दे.”

केतकीनं ओटीवरच्या झोपाळ्यावर उशी ठेवली. काकू आडव्या झाल्या. वाडीतून वारा येत होता, सुपारीची झापं घासल्याचा आवाज होत होता. मी घरात जाऊन वाटीत दही आणलं, कारण काकूंनीच आणायला सांगितलं, आणि कोणाच्या हातात द्यावं ते न कळून उभी राहिले. काकूंनी ओवीला जवळ बोलावलं.

“तू बस माझ्या उशाशी. तूच सोबती.”

“आजी,” ओवी म्हणाली, “दही घालू का नको?”

“मला विचारशील तर घाल म्हणेन,” काकू म्हणाल्या. “म्हणून मला विचारू नकोस.” आणि त्यांनी डोळे मिटले.

झोपाळा अगदी मंद हलत होता. काकूंचा श्वास लांबत गेला. केतकीनं लोकरीचा वास सोडला, मग पावाच्या भट्टीचा. शिटीचा आवाज पट्टीतून झाला तेव्हा काकूंचे ओठ नकळत गोल झाले आणि त्यांतून हवा बाहेर पडली. शिटी काही वाजली नाही. मग त्या हसल्या. पंच्याऐंशी पार केलेल्या बाईच्या चेहऱ्यावर इतकं पोरकट हसू मी पाहिलं नव्हतं. बदक आलं असणार. दुपार कलत होती, ओटीवर पानांच्या सावल्या सरकत होत्या आणि मला वाटायला लागलं की मीठ पडतंय. अंगणात, फुलांच्या कुंड्यांवर, रिकाम्या आळीतल्या बंद दारांवर अलगद मीठ पडतंय. मी डोळे चोळले.

पट्टीचा दिवा हिरवा झाला.

काकूंचा तळहात उघडाच होता. ओवीनं वाटीत बोटं बुडवली. पांढरं दही तिच्या बोटांवरून ओघळायला लागलं. ती हातापर्यंत गेली आणि थांबली. केतकी माझ्याकडे बघत होती, मी ओवीकडे. माझ्या मनात काय होतं ते सांगू? घाल, असंच होतं. त्या हसण्यापुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं. होलोकॉस्ट नाही, स्मरणदिन नाही. म्हातारीला मिळू दे तिची मावशी, घाल.

ओवीनं बोटं स्वतःच्या ओढणीला पुसली. मग तिनं काकूंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

पट्टीत दारं बंद होण्याचा आवाज झाला. काकूंचं अंग ताठ झालं. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, तो मी लिहू शकत नाही. ओवीनं डोळे गच्च मिटले होते, पण हात सोडला नाही. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

पुढच्या आठवड्यात आमच्या सगळ्या वर्गानं ते स्वप्न याच पद्धतीनं पुन्हा पाहिलं, प्रत्येकाच्या उशाशी त्याचा हात धरून बसलेलं कोणीतरी होतं, आणि सत्तावीस जानेवारीला मुलांनी सबंध शाळेला लीडाचं काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कोणी चित्रं काढली नाहीत की घोषवाक्यं लिहिली नाहीत. पण ते नंतरचं. त्या दुपारी काकूंनी डोळे उघडले तेव्हा ओवीनं त्यांचा हात अजून धरलेलाच होता.

त्या वर आढ्याकडे बघत राहिल्या.

“गेली,” त्या म्हणाल्या. “माझ्यासमोर गेली.”

झोपाळा थांबला होता.

“आईसारखी दिसते ग. कानामागे केस तसेच घेते. आत खूप अंधार होता. पण कोणीतरी हात धरला होता. माझा की तिचा, ते कळलं नाही मला. गाडी सुटली तरी धरलेला होता.” मग त्यांनी मान वळवली. “तू दही घातलं नाहीस.”

“नाय आजी.”

“का ग?”

“ती घरा आली असती ना,” ओवी म्हणाली, “तर तिकरं गारीन खरी लीडा एकटीच राहिली असती.”

एवढं बोलून ती ढसाढसा रडायला लागली. लीडा मेली म्हणून रडायला लागली. तिला आवर म्हणावं म्हणून मी पुढे झाले, तर काकूंनी मला हातानं मागे सारलं आणि त्या पोरीचं डोकं आपल्या छातीशी घेतलं.

“रड,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मी एकटीच रडत होते तिच्यासाठी.”